मोहाच्या झाडावरची पाटी

सालेकशाजवळ आमच्या विद्यापीठाचा उन्हाळी धानाचा प्रयोग होता. बियाण्याला अणुकिरणं देऊन काढलेलं बुटकं धान, आणि पैसा सगळा सरकारचा. बांधावर 'अणुकिरण प्रयोग, शासकीय निधी' अशी मोठी पिवळी पाटी होती.

शेजारच्या शेतातल्या म्हातारीचं नाव मी कधी विचारलं नाही. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, गालात खर्रा. मी बोलायला लागलो की ती आधी थुंकायची, मग ऐकायची.

निधी चालू ठेवायचा की नाही, हे बघायला साहेब आले, त्याच दिवशी पाटी गायब असल्याचं लक्षात आलं. सापडली ती म्हातारीच्या मोहाच्या झाडावर. खाली फुलांचा सडा, आणि वेचायला दुसरं कुणी नाही.

"मावशी, आमची पाटी इथे कशाला?"

"तुमचा धान कोन चोरून राहिला? माह्या मोहावर सारं गाव येते. पाटी लावली, तवापासून कोनी फिरकत नाही."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तुमी त्याच धानात बसून डबा खाता. मंग मी कायले भेवू?"

या धानात घाबरण्यासारखं काही नाही, असं आम्ही गावभर सांगत फिरत होतो. ते पटलेली ती एकटीच, आणि तिने ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.