खंडेनवमीचं नाणं

डिलाईल रोडला आमचं गाड्या धुवायचं सेंटर आहे. गाडी आतून साफ करायला तिथे नाणं टाकून चालणारा व्हॅक्युम आहे. माझे सासरे गिरणीत होते. गिरणीत खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, तीच रीत त्यांनी इथे चालू ठेवली. दरवर्षी दहाच्या नाण्याला हळदकुंकू लावून ते आत टाकायचे आणि व्हॅक्युम घूं करून सुरू झाला की हात जोडायचे.

यंदा नवऱ्याने मशीन टोकनवर करून घेतलं. गिऱ्हाइकांकडे सुट्टे नसतात, रोजची कटकट, म्हणे. टाकलेलं नाणं मशीन आतल्या नमुन्याच्या नाण्याशी ताडून बघतं; मेकॅनिकने ते काढून तिथे नमुन्याचं टोकन बसवलं. आता मशीन फक्त टोकनच ओळखणार. "बाबांना सांगितलंस का?" मी विचारलं. "त्यात काय सांगायचंय?" एवढंच उत्तर. माझं डोकंच फिरलं, पण बाबांना मीही सांगितलं नाही.

खंडेनवमीला सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. मशीनला झेंडूची माळ घातली, नाण्याला कुंकू लावलं, कपाळाला टेकवलं आणि आत टाकलं.

खळकन नाणं खाली परत आलं.

नवरा फोनमध्ये बघायला लागला. मी टोकन आणायला गल्ल्याकडे धावले. मागून सासऱ्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, "कुंकू चिकाटला आसतला."

वळून बघितलं, तर ते शर्टाच्या टोकाने नाण्यावरचं कुंकू घासून घासून पुसत होते.