दोन खोट्या तारखा

विलास गेल्याचा फोन आला, तेव्हा त्यानं फोडलेला माझा ओठ अजून सुजलेलाच होता. बुटीबोरीच्या वळणावर ट्रकनं त्याच्या मोटारसायकलीचा चुरा केला. मी फोन भिंतीवर आपटला. पहिला विचार काय आला, तर साल्यानं भांडण अर्धवट टाकलं... लाज वाटते, पण तोच आला.

अठरा वर्षांची दोस्ती आमची. भिवापूरचा गडी, जिभेआधी हात चालायचा. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत आम्ही तोंडाच्या कॅन्सरवर काम करायचो. गाठीत कोणतं जनुक किती चालू आहे, ते मोजायचं. ऑपरेशनं मंगळवारी व्हायची, म्हणून आजारी नमुने मी मंगळवारी मोजले, निरोगी माणसांचे शनिवारी. विलास तेव्हा बाहेरगावी होता. हा गाढवपणा सर्वस्वी माझा. दिवस वेगळा, रसायनाची बाटली वेगळी. मग आकड्यांत दिसतो तो फरक रोगाचा की वाराचा, कळणार कसं? एकूण मोजणी एका मापात आणली तरी ही खोट जात नाही. ती काढणारा प्रोग्राम लावला, तर त्यानं हात वर केले: रोग आणि वार वेगळे करताच येत नाहीत. तेव्हा मी दोन आजारी नमुन्यांपुढे शनिवारची तारीख टाकली. शनिवारी दोन्ही प्रकारचे नमुने मोजलेत असं समजून प्रोग्राम गुमान चालला. काय देखणं चित्र आलं, इकडे रोगी, तिकडे निरोगी! त्यातून निघालेल्या जनुकांच्या यादीवर एक तपासणी उभी राहणार होती. कुणाचा जबडा कापायचा, कुणाचा वाचवायचा, ते ती ठरवणार होती.

परत आल्यावर विलासनं मोजणीच्या नोंदींची मूळ वही उघडली. "तारखा काहून बदलवल्या?" मी म्हणालो, दोनच तर आहेत. त्याच क्षणी ठोसा बसला. मीही स्टूल उचलून हाणलं, त्याची भुवई फाटली. टेबलावर रक्त, कागदांवर रक्त. धापा टाकत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "तुह्या मायच्या तोंडात गाठ असती, त असा जबडा कापू देला असता का तू?" मी त्याला चालता हो म्हणालो. आमचं शेवटचं बोलणं ते.

यादी मी मागं घेतली, पण तो गेल्यावर. परवा फ्रीजरमधला त्याचा कप्पा रिकामा करायला गेलो. आत एक डबा होता. त्याच नमुन्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या नळ्या त्यानं नव्यानं ओळीत लावल्या होत्या. एक आजारी, एक निरोगी, पुन्हा एक आजारी. तारीख आमच्या मारामारीच्या दुसऱ्या दिवसाची. झाकणावर त्याचं ते वाकडं अक्षर: "सगळे एकाच दिवशी. मोजणारा: सुधाकर."

सुधाकर म्हणजे मी.