अव्वांची रेकॉर्ड आणि आमच्या वायरी

रेकॉर्ड ऐकणारे चार जण जमले की किस्से होतातच. आमच्या भवानी पेठेतल्या चौकडीत तर एवढे झालेत, की आठवले तरी माझं डोकं फिरतं! गाणं सोडून सगळं ऐकतो आम्ही.

चौकडीतल्या इरण्णाच्या आईची, अव्वांची, तरुणपणी गायलेल्या कन्नड भजनांची एकच रेकॉर्ड आहे. अव्वांना ऐकू येणं झपाट्यानं कमी होतंय. डॉक्टर म्हणाले, "काय ऐकवायचं ते आत्ताच ऐकवा." एवढंच काम होतं हो आमचं!

*

प्लेअरचा आवाज नाजूक. तो वाढवणारा फोनो प्रीॲम्पचा डबा शेजारीच ठेवायचा, हातभर केबल पुरते. पण इरण्णाच्या बायकोला टीव्हीजवळ डबा नको! मग या पठ्ठ्यानं त्याच्या टॉवेलच्या कारखान्यातली वायर आणली, फ्रिजमागून फिरवली आणि डबा पार स्वयंपाकघराच्या दाराशी नेला. सुरू केलं तर नुसतं घुंऽऽऽ!

अव्वा म्हणाल्या, "घरात लूम कवा बसवला रं?"

*

मग चौकडीतल्या सलीमभाईंनी चांगली आखूड केबल आणली आणि डबा परत प्लेअरशेजारी ठेवला. तरी घुं आहेच. वाकून बघतात तर प्लेअरची अर्थिंगची वायर मुळापासून गायब!

"ती व्हय? लोंबत होती की, म्हणून कापली," इरण्णा म्हणाला.

जन्मभर टॉवेलचे सुटलेले दोरे कापले, हात गप्प कसा बसणार! सलीमभाईंनी कपाळावर हात मारला आणि नवी वायर जोडून दिली.

*

तरी गाणं लागेना. कारण आमच्यातले चौथे, गड्डम सर! रिटायर्ड मास्तर, ऐकतात कमी, शिकवतात जास्त. रविवारमागून रविवार ते नवी केबल आणायचे आणि अव्वा इरकल नेसून ताटकळत बसायच्या.

मी शेवटी ओरडलोच, "सर, लावा की आता!"

"घाई नको. केबल मुरावी लागते."

लोणचं आहे का ते? संताप आला नुसता!

*

अखेर परवा रेकॉर्ड लागली. घुं नाही, खरखर नाही. अव्वांचा कोवळा आवाज खोलीत आला. अव्वांनी डोळे मिटले.

पहिलं कडवं संपतंय तोच सर उठले. "थांबा, आवाज दबतोय. दुसरी केबल लावतो." सुई उचलली, "केबल लागली की सुई टेकवा," असं मला बजावलं आणि प्लेअरच्या कपाटामागे डोकं घातलं! मला तर त्यांच्या हातातली केबल हिसकावून घ्यावीशी वाटली.

अव्वांनी डोळे उघडले नाहीत. त्या तशाच दुसरं कडवं गाऊ लागल्या. इरण्णा भिंतीला टेकून खाली बसला. सुईला कुणीच हात लावला नाही.

कपाटामागून सर ओरडले, "बघा! म्हटलं नव्हतं? आता कशा समोर बसून गायल्यासारख्या वाटतात!"