हिरानोसान आणि मुलुंडचा राक्षस

आमच्या घरी आलेल्या पहिल्याच जपानी पाहुण्यावर मी तलवार उगारली.

(लाकडी होती हो! पण हे त्यांना कोण सांगणार?)

आमची केतकी जपानी शिकली आणि घरबसल्या तिकडच्या एका गेम कंपनीसाठी भाषांतरं करू लागली. मग तिने धीर करून नव्या गेमसाठी स्वतःच एक गोष्ट लिहून पाठवली, कोकणच्या किनाऱ्यावरची. कंपनीचे मालक हिरानोसान कामानिमित्त मुंबईत येणार होते. म्हणाले, रविवारी घरी येतो, तेव्हाच गोष्टीचं ठरवू. म्हणजे पोरीचं नशीब आमच्या मुलुंडच्या वन बीएचकेत, सुरमईच्या कालवणासमोर ठरणार!

"कसले गेम बनवतात गं ते?" मी विचारलं.

"रोल-प्लेइंग, बाबा. आपण एक पात्र व्हायचं, त्याच्यासारखं वागायचं, गोष्ट पुढे न्यायची. राजे असतात, राक्षस असतात..."

"अगं, म्हणजे दशावतार!"

"अरे नाही, ऐक ना..."

"राजे, राक्षस, युद्ध! दशावतारच की! आणि तुझा बाप राक्षस करतो!"

"बाबा, प्लीज. तू फक्त नमस्कार कर आणि गप्प बस."

गप्प? मी? मालवणी मंडळाच्या दशावतारात दरवर्षी राक्षस मीच असतो. माझी एंट्री झाली की पुढे बसलेली पोरं रडतात. (एकदा एक आजोबाही रडले होते, पण त्यांचं म्हणे वेगळं कारण होतं.) जपानहून माणूस येतो आणि मी गप्प? छे! मी शेजारच्या सावंतांना गाठलं. त्यांनी मृदंग घेऊन दाराबाहेर उभं राहायचं आणि मी खाकरलो की वाजवायचं, असं ठरलं.

रविवारी दुपारी हिरानोसान आले. सडपातळ, पिकल्या केसांचे, पांढराशुभ्र शर्ट घातलेले. मी नमस्कार केला आणि "जरा औषध घेतो" म्हणून आत सटकलो. मिशा चिकटवल्या, तोंडाला लाल रंग फासला, मुकुट चढवला. बाहेर केतकी त्यांना आपली गोष्ट सांगत होती. मी खाकरलो.

सावंतांनी असा मृदंग बडवला की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला! "अहाहाहाहा!" करत मी हॉलमध्ये उडी मारली आणि तलवार उंच केली.

इतकी उंच करायला नको होती. वर पंखा चालू होता.

खाडकन आवाज झाला, तलवारीचे दोन तुकडे झाले. एक माझ्या हातात राहिला, दुसरा थेट सोलकढीच्या पातेल्यात! सोलकढी उडून हिरानोसान शर्टासकट गुलाबी झाले. त्यांनी उठून संरक्षणासाठी चमचा पुढे धरला.

"बाबा!" केतकी किंचाळली.

"अगो बाई! तुमच्या डोक्यावर परिणाम झालो हा काय?" ही स्वयंपाकघरातून धावत आली.

आता एकच सभ्य मार्ग होता, मरण. चमचा छातीत घुसल्यासारखं करून मी "घात झाला!" म्हणत सोफ्यावर कोसळलो. सोफा-कम-बेडच तो! कधी ओढून उघडत नाही, पण त्या दिवशी आपण होऊन उघडला, मला काखेपर्यंत आत घेतलं आणि पुन्हा मिटला. बाहेर उरलं माझं मुकुटासकट डोकं आणि दोन हात.

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कुठे मला कळलं. वाट लागली होती, आणि ती माझी नाही, तिची!

हिरानोसानांनी चमचा खाली ठेवला, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि हळूहळू बोलू लागले. केतकी हुंदके आवरत मराठीत सांगत होती.

म्हणाले, "आम्ही तीन मित्रांनी एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत कंपनी काढली. पहिल्या गेममध्ये नुसती मारामारी होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वेळी राक्षसाच्या मरणाचं चित्र काढणारा मित्र आजारी पडला आणि वेळ संपला. मग आम्ही राक्षसाला शेवटी नुसतं म्हणायला लावलं, 'हरलो बुवा. घरी आई वाट बघत असेल.' आणि तो निघून गेला. खेळणारी मुलं ढसाढसा रडली! तेव्हापासून आमच्या गेममध्ये कुणी मरत नाही. आणि राक्षस घरी काय जेवतो, हे ठरल्याशिवाय आम्ही त्याचं चित्र काढत नाही."

मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी हिला विचारलं, "हे काय जेवतात?"

"बांगडे," ही म्हणाली. "आणि माझं डोकं."

केतकीने तेही जसंच्या तसं सांगितलं. हिरानोसान इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी आणि सावंतांनी मिळून मला सोफ्यातून उपसलं आणि आम्ही सगळे जेवायला बसलो. पाहुण्यांच्या अंगात माझा सदरा होता. त्यांनी कालवण दोनदा घेतलं, आणि हात धुताना म्हणाले, "गोष्ट घेतली. राक्षसासकट."

गेम आला तेव्हा सगळ्या बिल्डिंगला मी पेढे वाटले. छाती फुगवून केतकीला विचारलं, "मी कितव्या लढाईत येतो गं? शेवटच्या?"

"शेवटच्या लढाईत आई आहे, बाबा. तिला अजून कुणीच हरवू शकलेलं नाही."

"आणि मी?"

"तू अगदी सुरुवातीला. कुठलं बटण कशासाठी, हे नवीन माणसाला कळावं म्हणून तुला बडवून बघायचं असतं."