मोटर पुसणारे गृहस्थ

पासपोर्टच्या कामासाठी भोरला पोलीस ठाण्यात बसलो होतो. आवारात सारोळ्याकडचे एक वयस्कर शेतकरी खांद्यावरच्या टॉवेलने पाण्याची मोटर पुसत होते. नदीवरून चोरीला गेलेली त्यांचीच मोटर चोरासकट सापडली होती, पण आता ती पुरावा होती. दर बाजाराला ते यायचे, मोटर पुसून जायचे. तिकडे वांगी वाळत चालली होती.

मी वकील. नव्या फौजदारी कायद्यांवर तालुकाभर भाषणं देतो आणि शाली घेऊन घरी येतो. त्यामुळे राहवलं नाही. आता फोटो काढून कोर्ट मुद्देमाल लवकर सोडतं, शेतकऱ्याने फक्त अर्ज करायचा, हे मी त्यांना कलमांसकट ऐकवलं. ते मान हलवत होते. मला वाटलं, भारावले.

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. "मग असं अर्ज तुमी किती जणांना लिवून दिलं?"

शाली सांगता आल्या असत्या. अर्ज एकही नव्हता.

त्यांनी टॉवेल झटकून मोटरीवर अंथरला, खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून माझ्यापुढे धरलं.

"बसा हितं. आत्ताच पुसलीया."