मसुरीच्या रंगाचे दाणे

थोरल्या जाऊबाईंना घरातून काढलं त्या दिवशी मी दाराआड उभी होते, आणि खरं काय ते मला माहीत होतं. हे मी कुणापाशी बोललेली नाही. ही वही ट्रंकेच्या तळाशी राहते, म्हणून लिहिते.

माझे यजमान सोलापुरातल्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत मदतनीस होते. तिथल्या डॉक्टरांना नर्सबायांना शिकवायला रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा मोठा तक्ता हवा होता. यजमानांचा हात चित्राला वळत नसे. माझं शिक्षण चौथीपर्यंतच, पण माझी रांगोळी आणि भरतकाम पाहून त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. देवळाला जातो असं घरी सांगून दोन-तीन रविवार त्यांनी मला तिथे नेलं आणि काचेवरचं बारीक मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं.

मला वाटलं होतं, दुधाच्या थेंबांसारखं काही दिसेल. पण पांढऱ्या पेशींना रंगच नसतो. निळं-गुलाबी औषध लावून त्या काचेवर उठवाव्या लागतात. तांबड्या टिकल्यांच्या गर्दीत कुठे एखादी सापडते. त्यांच्या पाच जाती. सगळ्यांत जास्त असते तिच्या पोटातल्या गाठीचे तीन-चार तुकडे असतात, बारीक दोऱ्याने जोडलेले. जखम झाली की ही आधी धावते, जंतू गिळते आणि मरते. पू होतो तो बराचसा यांच्या मढ्यांचाच. दुसरीत मसुरीच्या डाळीच्या रंगाचे टपोरे दाणे. पोटात जंत झाले, दमा लागला, अंगाला खाज सुटली, की ही वाढते. तिसरी क्वचित दिसते, काळ्यानिळ्या दाण्यांनी गच्च भरलेली. चौथी लहान, सगळी गाठच, कडेला लुगड्याच्या काठाएवढी निळी रेघ. पाचवी सगळ्यांत मोठी, तिची गाठ काजूगरासारखी वाकलेली. ती मेलेलं, कुजलेलं सगळं उचलून खाते.

"आणि ती चौथी काय करते?" मी विचारलं होतं.

"ते डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नाही. तू रंग भर."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात जाऊबाईंना खोकला लागला. त्यांचं माहेर मैंदर्गी, बोलण्यात कानडी यायचं, मला 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. त्यांना मूल नव्हतं, म्हणून सासूबाईंच्या मनातून त्या आधीच उतरलेल्या. वैद्यबुवांनी नाडी पाहून क्षयाचा संशय सांगितला. लगेच त्यांचा ताट-तांब्या वेगळा झाला, अंथरूण मागच्या पडवीत गेलं. यजमानांनी त्यांच्या बोटाला सुई टोचून रक्ताची काच नेली.

त्या रविवारी मी तक्त्याचे रंग ताडून पाहायला गेले होते. यजमानांनी एक काच लावली आणि म्हणाले, "ही वहिनींची." मी डोळा लावला. जिकडे सरकवावं तिकडे मसुरीचे दाणे. एरवी शंभरात दोन-चार सापडायच्या त्या पेशी तिथे तिसाच्या वर होत्या.

"मग हा क्षय नाही!" मी म्हटलं. "क्षयात या अशा वाढत नाहीत, असं डॉक्टर नर्सबायांना सांगतात ना? तुम्हीच म्हणाला होता."

"माझं काम मोजायचं. अर्थ डॉक्टर सांगतील."

"मग त्यांना दाखवा."

"ते रजेवर आहेत."

घरी आले तर जाऊबाई पडवीत बसून मानेला खाजवत होत्या. आमचं रविवारचं देऊळ कोणतं, ते मी फक्त त्यांना सांगितलं होतं. "तंगी, तू बघितलीस न्हवं माझी काच? काय हाय त्यात? सांग की."

"जंत असतील," मी हळूच म्हटलं.

त्या हसल्या. "व्हय? मग एवढ्यासाठी मला कुत्र्यासारखं येगळं वाढत्यात व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सासरे, थोरले दीर आणि यजमान बसले. मी चहा घेऊन दाराआड थांबले.

"काय निघालं रक्तात?" सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, विचारलं.

"पांढऱ्या पेशी वाढल्यात," यजमान म्हणाले.

आतून सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, रक्त पांढरं पडत चाललं की तिचं!"

"हे वाईटच ना?" सासरे म्हणाले.

"वाढणं चांगलं नसतं."

ते खोटं बोलले नाहीत. कोणत्या वाढल्या, एवढंच सांगितलं नाही. मी बांगड्या वाजवल्या. ते उठून आत आले. मी म्हटलं, "दाण्यांच्या वाढल्यात, हे सांगा की." ते दबक्या आवाजात म्हणाले, "तक्ता रंगवलास म्हणून डॉक्टरीण झालीस काय? वहिनींना माहेरी धाडायचं अण्णांचं ठरलंय. चहा दे इकडे."

मी कपबशा दिल्या. सासऱ्यांसमोर आमच्या घरातल्या सुना तोंड उघडत नसत. पण मला अडवायला कुणी माझ्या तोंडावर हात ठेवला नव्हता. एक वाक्य होतं. ते मी गिळलं.

जाऊबाई त्यांच्या वेगळ्या ताट-तांब्यासकट मैंदर्गीला गेल्या. निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथल्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं आणि दिवाळीच्या आत त्या चांगल्या झाल्या. त्यांच्या भावाने येऊन तसं सांगितलं. तोवर थोरल्या दिरांचं दुसरं लग्न ठरलं होतं. सासूबाईंनी त्या भावाला चहा दिला आणि बहिणीला तब्येत सांभाळायला सांगा म्हणाल्या.

पुढल्या साली तक्ता मळला, म्हणून यजमानांनी नवा करायला सांगितला. या खेपेला प्रत्येक पेशीखाली तिची माहिती मराठीत लिहायची होती. माझं अक्षर बरं. दुसरीखाली मी लिहिलं: 'या वाढल्या तर जंत, दमा किंवा खाज पाहावी. क्षय समजून माणसाला टाकू नये.'

यजमानांनी वाचलं. खोडतील असं मला वाटलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि रंग वाळल्यावर कागदाची सुरळी करून घेऊन गेले.