खडीची सायकल आणि बंट्याचं जावळ

चहाला उकळी येईस्तोवर सांगून टाकते. आमच्या भावकीत हे आता ज्याला त्याला तिखटमीठ लावून सांगतात, बिबट्या तर दर वेळी थोडा मोठा होतो. माझ्या तोंडून ऐका, म्हणजे निदान माझा गाढवपणा जेवढा आहे तेवढाच कळेल.

आधी माझा स्वभाव. मी भित्री आहे. इशी माझी एकुलती एक पोरगी, पहिलीत जाते. ती शिंकली तरी मी तिला घेऊन दवाखाना गाठते. रोज शाळेला निघताना तिच्या वेण्या घालता घालता माझी टकळी सुरूच असते. वाट चुकलीस तर जागेवरून हलायचं नाही. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही. कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही, नाव विचारलं तर सांगायचं नाही. पोरगी मान हलवते आणि जाते.

इशीचे पप्पा पुण्याला एका सोसायटीत वॉचमन आहेत. तिथल्या एका मॅडम घर सोडून गेल्या आणि त्यांची सायकल ह्यांना देऊन गेल्या. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, जाड टायर, मधला दांडा तिरका. ह्यांनी ती एसटीच्या टपावर टाकून गावी आणली.

"ही खडीवरची सायकल हाय," म्हणाले. "तिकडचे लोक डांबरी सोडून मुद्दाम खडीवर जातेत."

"कावून? डांबरीला काय झालं?"

"खडीवर गाड्या न्हाईत म्हणून."

तेव्हा मी लई हसले होते. पण उसाचे दिवस आले आणि माझं हसू जिरलं. आमच्या डांबरी रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर छपराएवढा ऊस, आणि पुढं गाणी एवढ्या जोरात की चालवणाऱ्याला स्वतःचा हॉर्न ऐकू जात नसेल. त्या रस्त्यानं पोरीला सायकलवर घेऊन जायचं? मग मी शोधली फॉरेस्टवाल्यांची वाट. आमच्या गावामागून डोंगरात शिरते, सगळा मुरूम, दोन्ही बाजूंना सागवान आणि धावडा. दोन्ही टोकांना साखळी लावलेली, त्यामुळं गाडी येतच नाही. सायकल साखळीखालून काढायची की झालं. माणूस नाही, हॉर्न नाही. मी वेल्डिंगवाल्याकडून सायकलला मागं कॅरिअर बसवून घेतलं. भित्र्या बाईला आणखी काय पाहिजे?

तर त्या दिवशी माझ्या भावाच्या पोराचं, बंट्याचं, जावळ होतं. डोंगराच्या पलीकडं देवीचं ठाणं आहे, तिथं. आता जावळाला आत्या लागतेच. पोरगं त्याच्या मामाच्या मांडीवर आणि पडणारे केस झेलायला समोर आत्या. केस भुईला पडू द्यायचे नाहीत. म्हणजे मी पोहोचल्याशिवाय कारागिराचा वस्तरा चालणार नाही, आणि मला निघायलाच उशीर झालेला. वहिनीचा फोन आला, "ताई, कुठंवर आलात? कारागिराला दुसऱ्या गावाला जायचंय, पोरगं रडून रडून लाल झालंय." तेवढं बोलून फोन बंद, कारण डोंगरात रेंज नाही.

मी ओढणी कानावरून घट्ट बांधली, शिऱ्याचा डबा पिशवीत घालून कॅरिअरच्या बाजूला अडकवला, इशीला मागं बसवलं आणि बजावलं, "बोलायचं न्हाई. तू बोललीस की माझा तोल जातो."

"बरं," म्हणाली. ते तिचं शेवटचं वाक्य.

आता नीट ऐका, इथंच सगळं फसलं. आमच्याकडं एक रीत आहे. सायकल असो का मोटरसायकल, चढ आला की मागच्यानं गुपचूप उतरायचं, मागून ढकलायचं, माथ्यावर पुन्हा बसायचं. कुणी कुणाला सांगत नाही. इशी चार वर्षांची असल्यापासून तसंच करते. पण ही सायकल गिअरची. त्या दिवशी मोठ्या चढाला मी घाईत गिअर पाडला आणि मी न उतरताच सायकल सरसर वर निघाली. मला वाटलं, पुण्याची सायकल ती पुण्याचीच, किती हलकी चालती. माथा गाठला आणि तशीच उतारावर सोडली.

मागं बघितलं की मी पडते, म्हणून मी मागं बघत नाही. टायरखाली मुरूम करकरत होता, कानावर ओढणी होती. मी मात्र बोलत होते. "इशी, पाय बाहेर धर. इशी, फांदी आली, वाक. किती शहाणी हाय माझी बाई, एक शब्द बोलत न्हाई."

ठाण्यावर पोहोचले तर सगळे माझ्यावर धावूनच आले. भावानं हातातून सायकल घेतली. वहिनीनं कानावरची ओढणी सोडून माझ्या मांडीवर पसरली आणि खांदे दाबून मला खाली बसवलं. कारागिरानं लगेच वस्तरा लावला. बंट्या बोंबलतोय, मामा त्याला आवळून धरतोय, मी केस झेलतेय. इशी मागं पोरांत खेळायला गेली असणार, असं मी धरून चालले.

अर्धं डोकं झालं. वहिनी खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली.

"इशी कुठंय? आवडतंय तिला."

"बंट्याच्या बापाला विचार, त्यानंच उतरवून घेतली."

भाऊ म्हणाला, "म्या डबा उतरवून घेतला. पोरगी कुठं होती?"

"मागं होती की."

"ताई, मागं नुसता डबा होता."

तो चढ, ती हलकी सायकल, आणि त्यानंतर मी जिच्याशी बोलत आले ती रिकामी जागा. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"जंगलात राहिली," एवढंच म्हणाले मी. पण ते वाक्य देवीच्या ओट्याच्या खालच्या पायरीला जाईस्तोवर त्यात बिबट्या आला, आणि चुलीपाशी बायकांत पोहोचलं तेव्हा बिबट्यानं पोरगी ओढून नेलेली होती. पुरुषांनी काठ्या घेतल्या. एका मावशीनं झारा घेतला. सगळं जावळ माझ्यामागं डोंगराकडं पळत सुटलं. मामाच्या मांडीवर बंट्या अर्ध्या डोक्यानं आणि कारागीर उघड्या वस्तऱ्यानं तिथंच राहिले.

मी ओढणीची झोळी दोन्ही मुठींत धरून पळत होते. केस भुईला पडायचे नाहीत ना. पोरगी हरवलीय आणि मी भाच्याचे केस सांभाळतेय, पण खरं सांगते, हात सुटतच नव्हते. वाटत होतं, हे पडले तर आणखी काहीतरी वाईट होईल.

"इशे, ए इशे!" भाऊ पुढं ओरडत होता. डोंगर नुसता त्याचाच आवाज परत देत होता. मी झुडपाझुडपात बघत होते आणि काही दिसू नये असंही वाटत होतं. फ्रॉक दिसला आणि नुसता फ्रॉकच असला तर?

माथा ओलांडल्यावर भाऊ थांबला आणि खाली वाकला. मुरमात माझ्या टायरचा एक पट्टा होता. तिथंच दुसऱ्या टायरांचे बरेच पट्टे होते, वळून, एकमेकांवर चढलेले.

"ह्या वाटंला कुणी येत न्हाई," भाऊ हळूच म्हणाला. "ताई, हे बिबट्याचं काम न्हाई."

बिबट्या परवडला, असं तेव्हा वाटलं मला. काठ्या नीट धरल्या गेल्या. वळण घेतलं आणि समोर तेच होतं ज्याला मी सहा वर्षं भीत आले. हेल्मेट घातलेले, काळे गॉगल लावलेले, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले चार पुरुष, गोल करून उभे. मधी दगडावर माझी इशी.

"ए बे, सोड तिला," भाऊ काठी उगारून धावला.

चौघांनीही हात वर केले. त्यांच्यातले एक वयस्कर, पांढऱ्या मिशांचे, गॉगल काढून घाईघाईनं म्हणाले, "अहो, आम्ही तिला धरलेलंच नाही. तीच आम्हाला सोडत नाहीये."

"म्हंजे?" भावाची काठी अजून वरच.

"आम्ही सायकलवाले. वाहनं नाहीत म्हणून या रस्त्यानं आलो. ही एकटी उभी. पाणी दिलं, घेत नाही. नाव विचारलं, सांगत नाही. चला म्हटलं, हलत नाही. जवळ गेलो तर म्हणते लांब उभे राहा, आणि निघालो की रडते. एवढ्या जंगलात पोरीला टाकून जायचं कसं? गाव शोधायला एकाला पाठवायचं म्हटलं तर म्हणते, सगळे थांबा." ते कपाळ पुसत म्हणाले, "आम्ही तासाभरापासून पहारा देतोय."

भावाची काठी खाली आली. मी पुढं झाले आणि इशीला मिठी मारली. तेव्हा कुठं माझ्या मुठी सुटल्या आणि बंट्याचं सगळं जावळ तिच्या डोक्यावर, माझ्या तोंडात, भुईवर, जिथं पडू नये तिथं पडलं. वहिनी मागं 'अगं बाई' म्हणून मटकन बसली.

मी रडत होते, थुंकत होते, पुन्हा रडत होते. केस विस्कटलेले, पायात एकच चप्पल, गालाला दुसऱ्याच्या पोराचे केस चिकटलेले. ते काका माझ्याकडं बघून थोडे बिचकले असावेत. त्यांनी हात आडवा केला.

"जरा थांबा, ताई. पोरीला आम्ही असं कुणाच्याही हवाली करणार नाही. बाळा, तू सांग. या कोण आहेत?"

इशी मला ढकलून दगडावरून उतरली. माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं, जसं मी तिला शाळेतून आल्यावर बघते तसं. मग काकांकडं वळली.

"हीच की. मी सांगितलं न्हवतं का तुमाला, माझी आई हरवलीय म्हणून? सापडली. आता तुमी जावा."

ते चौघं मान डोलवत माझ्याकडं बघायला लागले. एकानं हळूच विचारलं, "ताई, घरचा पत्ता तरी आठवतो ना?"